तेव्हा काय करून राह्यले होते?

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या त्या बाकावर किस्से असे साचतात, जसा जिनिंगच्या कारखान्याबाहेर कापूस. आम्ही तिघं तिथं दर तीन महिन्यांनी तपासणीला बसतो. तिघांचीही काळजातून निघणारी मोठी नस आतून फाटलेली, तिघंही ऑपरेशन होऊन वाचलेले. बाकीचे पेशंट आम्हाला 'फाटकी पार्टी' म्हणतात. म्हणू द्या! आम्ही शिवून आलो, हे त्यांना कुठं दिसतं?

तिथल्या डॉक्टर मॅडमचा प्रत्येकाला एकच प्रश्न, "दुखणं सुरू झालं तेव्हा काय करत होता?" आणि इथंच माणूस खोटं बोलतो.

*

रोहण्याचे गुरुजी म्हणाले, "ध्यान."

मागून त्यांची बायको, "संडासात बसून?"

मॅडम म्हणाल्या, "कुंथताना बीपी उसळतं, लाजू नका. लिहू का मग?"

"लिहा," गुरुजी म्हणाले, "पण तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा!"

*

अल्लीपूरचा रामकृष्ण मात्र खोटं बोलला नाही. पैज लावून सोयाबीनचं भरलं पोतं एकटा उचलत होता. पाठीत टर्रकन कापड फाटल्यासारखं झालं न् गडी आडवा! ऑपरेशननंतर तोंडातली नळी काढली, बायको रडतेय, आणि याचा पहिला शब्द काय?

"पोतं गाडीत चढलं का?"

*

मॅडमनी समजावलं, हे दुखणं जास्त करून थंडीत, सकाळच्या वेळी येतं, कारण तेव्हा बीपी चढतं.

रामकृष्ण म्हणाला, "मंग मी हिवाळ्यात दुपारीच उठत जाईन."

त्याची बायको म्हणाली, "अन् आता कवा उठता?"

*

माझं दुखणं आष्टीत सगळ्यांनी गॅस ठरवलं. एकीनं ओवा चारला, दुसरीनं पाठ चोळली. पण आमच्या इथल्या पोरगेल्या डॉक्टरणीनं दोन्ही हातांचं बीपी मोजलं. एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच! मी कण्हतच म्हटलं, "पोरी, मशीन बिघडली तुही."

"मशीन नाई आजी, तुम्ही बिघडल्या!" म्हणाली, न् लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

मी कुणाच्या पाया पडत नाही. त्या नातीएवढ्या पोरीला मात्र दिसेल तिथं हात जोडते.

*

मी शाळेची पायरी चढले नाही. किराणाच्या पुडीच्या कागदावरून अक्षरं शिकले. त्यामुळं मला कुणी शिकवलेलं खपत नाही. बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी मीच बंद केली होती. तेव्हा सून संगीतानं निदान मीठ तरी कमी जावं म्हणून लोणच्याची बरणी लपवली.

थंडीची सकाळ. मी चुलीपाशी उभी राहून तिचं माहेर काढलं, अक्कल काढली, हातची भाजी काढली. सारी गल्ली ऐकत होती. "तू मले शिकवून राह्यली?" म्हणून ओरडले, न् तिथंच पाठ फाटली. खाली पडू दिलं नाही, ते तिनंच.

वर्ध्याला स्ट्रेचरजवळ मॅडमनी तिला विचारलं, "तेव्हा काय करत होत्या या?"

मी डोळे मिटले. आता सून सगळं सांगणार, अन् खरंच सांगणार!

संगीता म्हणाली, "मले शिकवून राह्यल्या होत्या."

आता रोज सकाळी ती समोर उभी राहते, एका हातात पाणी, एका हातात गोळी.

"घ्या आत्याबाई. अन् मंग शिकवा."