ऐकू नकोस माझं

आत्याचा नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा घाईघाईत गाडी मागेच ठेवून गेला. काही महिन्यांनी ती न्यायला आला, तोवर आत्या गाडी चालवायला शिकली होती. तिने त्याला फाटकातूनच वाटेला लावलं आणि त्याच गाडीवर बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. शिकायला येणाऱ्या घाबरट सुनांना ती सांगायची, "अगं, गाडी नवऱ्यासारखी नसते. ब्रेक दाबला की थांबते."

भाची तिच्याकडेच वाढली आणि पुढे स्कूलचं ऑफिस बघू लागली. आत्याने सत्तरी ओलांडली, तरी तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. म्हणूनच ती रस्ते विसरायला लागली, तेव्हा सगळ्यांनी आधी कानाडोळा केला. मग एका सकाळी चौकात थांबायचं सोडून तिने शिकाऊ मुलीला "घे पुढे" म्हटलं आणि गाडी एका सायकलवाल्यावर गेली. त्याचा पाय मोडला. आत्याने सगळं खापर त्या मुलीवर फोडलं. शिकणारीच्या चुका आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घेणारी ही बाई! भाचीला अपघातापेक्षा तेच जास्त लागलं.

डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. काही दिवसांनी आत्या एकटीच उठून सायकलवाल्याच्या घरी गेली, चूक आपली होती म्हणाली आणि परत येऊन तिने जाहीर केलं, की आता आपण वृद्धाश्रमात राहणार. भाची रडली, भांडली, लोक माझ्या तोंडात शेण घालतील म्हणाली. आत्या बधली नाही. तिने दोन-चार ठिकाणं पाहिली, तिथल्या स्वयंपाकघरांत नाक खुपसलं, व्यवस्थापकांची उलटतपासणी घेतली आणि रस्त्याकडची एक खोली पसंत केली.

जायच्या आदल्या दिवशी तिने भाचीला समोर बसवलं.

"पुढे मी रडेन, घरी ने म्हणून तुझ्या पाया पडेन. तेव्हा ऐकू नकोस माझं. आत्ता बोलतेय ती मी आहे."

वर्षभरात तसंच झालं. भाची भेटायला गेली की आत्या तिचा हात सोडायची नाही. भाची मनावर दगड ठेवून निघायची. एकदा आत्या पिशवी भरून नुसती दाराशी बसून होती. भाचीचा धीर सुटला. ती तिला घरी घेऊन आली.

पंधरवडा बरा गेला. आत्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवाल्यांना मनसोक्त शिव्या घालायची. मग एक दिवस भाची आंघोळीला गेली असताना ती बाहेर पडली आणि भर चौकात, गाड्यांच्या मधोमध उभी सापडली. भाचीने तिला परत नेऊन सोडलं. या खेपेला आत्या रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली, ती भाची निघाली तरी वळली नाही. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही.

भेटायला आलेल्या बायका आत्याचे किस्से सांगून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "शेवटपर्यंत तिच्या मनासारखं केलंत हो तुम्ही."

भाची चहाचं निमित्त करून आत गेली. तिने तर दोन्ही केलं होतं, आत्याचं ऐकलंही होतं आणि मोडलंही होतं. त्यातलं आत्याच्या मनासारखं कोणतं, हे तिला अजून उमगलेलं नाही.