इनचार्ज वहिनीचे पांढरे पडदे

माझी वहिनी प्रसूती विभागाची इनचार्ज सिस्टर. बाई कामाला वाघ, आणि स्वच्छतेत तर तिचा कुणी हात धरणार नाही. तिच्या विभागात चार खाटा आणि चार पांढरेशुभ्र पडदे. खाटा बायकांसाठी, पडदे साहेबांसाठी. वरचे साहेब विभागाच्या तपासणीला आले की पडदे लागायचे, ते गेले की घडी घालून कपाटात. बाळंतपणात पडदे खराब होतात ना! बायकांचं काय, त्या धुतल्या की झालं.

मी तिथेच बाळंतपणाला गेले. म्हटलं, घरचं माणूस आहे, काळजी कसली! कळा सुरू झाल्या तेव्हा समोर शिडीवर चढून एक मिस्त्री पंखा दुरुस्त करत होता आणि मी अर्धी उघडी.

"वहिनी, पडदा लाव ना गं."

"वन्सं, आता कसली आलीय लाज? आणि आवाज खाली. मजा केली तेव्हा ओरडलात का?"

नणंदेचा हा उद्धार अख्ख्या विभागाने ऐकला. मिस्त्री तर शिडीवर फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या खाटेवर पहिलटकरीण होती, तिने तर भीतीने पदरच तोंडात कोंबला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "साहेब आले!" मिस्त्री पळाला, पडदे चढले, आणि वहिनीच्या जिभेवर साखर आली. "ताई, पाणी देऊ का?" ही कुणाला विचारतेय म्हणून मी मागे वळून पाहिलं. साहेब "वा, छान" म्हणाले आणि गेले.

वहिनी लगेच पडदा काढायला हजर. नेमकी तेव्हाच मला जोराची कळ आली. मी पडदा दोन्ही मुठींत गच्च धरला. ती तिकडून ओढतेय, मी इकडून.

"सोडा वन्सं, खराब होईल!"

"मेले तरी सोडणार नाही!"

आणि लेक झाली. वहिनीने तिला अलगद झेललं, खोटं कशाला बोलू. पोर रडली, तिला पुसून माझ्या छातीवर ठेवली, मग वहिनीने मान वर करून रक्ताने लालभडक झालेला पडदा पाहिला आणि तिचा चेहराच पडला.

"गेला! आता हा साहेबांना दाखवायच्या लायकीचा राहिला नाही. लटकू दे मेला इथेच."

शेजारच्या पोरीने ते ऐकलं. तिने तोंडातला पदर काढला, स्टुलावरची तपकिरी औषधाची वाटी उचलली आणि आपल्या पडद्यावर रिकामी केली.

"चुकून सांडलं हो सिस्टर," ती म्हणाली, आणि मग जी काही गळा मोकळा करून ओरडली!