देविदासभाऊंचे बुडबुडे

चाळीस सेकंद झाले, तरी देविदासभाऊंच्या तोंडून एकही बुडबुडा आला नव्हता.

अकोल्यातला स्विमिंग पूल, सकाळचे साडेसात, पाणी बारा फूट. तळाशी देविदासभाऊ मांडी घालून बसलेले. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर आणि चेहऱ्यावर लग्नाच्या पहिल्या पंगतीत जागा मिळालेल्या माणसाचं समाधान. त्यांच्यासमोर मी गुडघ्यांवर. मी हातानं सांगतोय, श्वास सोडा. ते मान डोलावून सांगतायत, मजेत आहे. पंचेचाळीस. पन्नास. शेवटी मीच घाबरलो आणि त्यांच्या पोटात बोट टोचलं. भसाभस बुडबुडे आले. मग त्यांना हळूहळू वर आणलं.

वर येताच त्यांनी विचारलं, "किती झाले, मास्तर?"

"काय किती?"

"सेकंद! पन्नास तं असतीनच. जवानीत दोन मिनिटं जात होतो मी."

पायऱ्यांवर त्यांच्या पत्नी, शांताकाकू, गुडघाभर पाण्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अजी, मास्तर श्वास सोडा म्हणून राहिले अन् तुमी रोखून राहिले. शाळेतबी असंच करत होते का?"

मी स्कुबा डायव्हिंग शिकवतो आणि अकोल्यात राहतो. हे वाक्य मी लग्नकार्यात मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, कारण त्यानंतरची शांतता मला फार आवडते. मग कोणीतरी विचारतंच, "अकोल्यात समुद्र कोठी हाय बाप्पा?" समुद्र मालवणला आहे. ऑक्टोबर ते मे मी तिथल्या एका सेंटरवर इन्स्ट्रक्टर असतो. हंगाम सुरू होण्याआधी घरी येतो आणि आपल्याकडच्या हौशी लोकांना तीन दिवस पूलमध्ये तयार करतो. ही कल्पना माझीच. आमचे बॉस परुळेकर यांना ती पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटत होती.

आता त्या पन्नास सेकंदांनी मी का घाबरलो, ते सांगतो. रेग्युलेटर म्हणजे तोंडात धरायचं यंत्र. तुम्ही श्वास ओढला की ते सिलिंडरमधली हवा देतं, आणि पाण्याचा दाब जेवढा असेल तेवढ्याच दाबानं देतं. आठ मीटर खाली छाती भरून घेतलीत आणि तशीच बंद ठेवून वर आलात, तर बाहेरचा दाब कमी होत जातो आणि आतली हवा पावणेदोनपट फुगायला बघते. फुफ्फुसांना हे मान्य नसतं. ती फाटू शकतात. म्हणून स्कुबाचा पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. घ्या, सोडा, घ्या, सोडा. इतकं सोपं.

पण आपण वऱ्हाडातले लोक पोहायला कुठे शिकतो? विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधतात, काका मागून ढकलतात, झालं शिक्षण. आणि विहिरीचा पहिला नियम नेमका उलटा: छाती भरून घे आणि तोंड मिटून ठेव. आणि देविदासभाऊ तर या शाळेचे हेडमास्तर. अंजनगाव सुर्जीजवळच्या त्यांच्या गावात कोणाचीही बादली पडो, दोर तुटो, पाण्यातली मोटर बंद पडो, बोलावणं यांनाच. साठी गाठली तरी चार वर्षांपूर्वीपर्यंत ते विहिरीत उतरत होते. त्यांना पाण्याची भीती नव्हतीच. माझी पंचाईत तीच होती.

आणि ते आले होते ते स्वतःसाठी नाही. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी दोघांना विचारलं, की हे कशासाठी सुचलं. देविदासभाऊ छताकडे बघू लागले. शांताकाकूंनी सांगितलं.

"लग्न झाल्यापासून मी विहिरीच्या काठावर उभी हाय, मास्तर. हे खाली जाते. मी वरून पाण्याकडे पाहत राह्यते. हे बाहेर आले की मी इचारते, खाली काय होतं? हे म्हणते, काई नाई, गाळ. दरवेळी गाळ! मंग मी यंदा म्हटलं, आता मलेच दाखवा."

"अन् मी शब्द देल्ला," देविदासभाऊ म्हणाले. "मी सोबत राहून दाखवीन. पण विहिरीत इले कसं नेऊ? म्हणून समुद्र."

असा मामला होता. बायकोला पाण्याचा तळ दाखवायचा, आणि तोही सोबत राहून.

दुसऱ्या दिवशी शांताकाकूंची परीक्षा झाली. या बाईंनी कालपर्यंत आयुष्यात घोट्याच्या वर पाणी पाहिलं ते आंघोळीचं. त्या पूलमध्ये उतरल्या, रेग्युलेटर तोंडात धरला आणि मी सांगितलं तसा श्वास घेत राहिल्या. मास्कमध्ये पाणी भरलं, ते काढलं. रेग्युलेटर तोंडातून काढला, परत लावला. वीस मिनिटांत सगळं पास. त्यांना मोडायला जुनी सवयच नव्हती.

देविदासभाऊ चार वेळा उतरले आणि चारही वेळा नापास झाले. पहिले तीन श्वास छान घ्यायचे. मग एखादी फरशी दिसायची, एखादं पान दिसायचं, मन तिकडे गेलं की छाती भरून तोंड बंद. मी बोटांनी आकडे दाखवले, पाठीवर थाप मारली, नाकासमोर हात नाचवले. अंगविक्षेप इतके झाले की काठावरचे दोन पोहणारे माझी चौकशी करून गेले.

"जमून राहिलं का?" शांताकाकूंनी वरून विचारलं.

"तू चूप बस ना वं!"

"मी तं बसलीच हाय. पास होऊन बसली हाय."

दुपारी बॉसना फोन केला. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण पूलचा रिपोर्ट पाठवावा लागतो.

"मास्तर," परुळेकर म्हणाले, "बाईंना आणा. श्वास धरणारो माणूस माका बोटीर नको."

"सर, उद्याचा एक दिवस आहे अजून."

"उद्या संध्याकाळी रिपोर्ट. नाहीतर ते बोटीवर बसून फोटो काढतील."

मी हे देविदासभाऊंना सांगितलं. त्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "इनं जावं. मी काठावर उभा राह्यतो. फिट्टमफाट." हसले ते, पण नीट नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच झालं. मी वैतागून म्हटलं, चला, चहा पिऊ. पूलसमोर चहाची टपरी आहे. आम्ही तिघं तिथे उभे असताना समोरून अमरावतीची लाल बस निघाली. देविदासभाऊंनी कप खाली ठेवला.

"पाहा मास्तर. कंडक्टर दारात उभा हाय अन् मुक्यावानी! गाडी कोठी चालली हे लोकायले कोण सांगन?"

"तुम्हाला काय त्याचं?" मी विचारलं.

काकू म्हणाल्या, "अवो, हे तीस वर्षं कंडक्टर होते ना! शेती अन् विहिरी सुट्टीच्या दिवशी."

फॉर्मवर 'निवृत्त' एवढंच लिहिलं होतं. मी पुढे काही विचारणार, तोवर देविदासभाऊंनी छाती भरली आणि टपरीवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कंडक्टरकी शिकवली: "ए चला अमरावती, अमरावती! बोरगाव मंजू, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, कुरूम, लोणी, बडनेरा, अमरावतीऽऽ!"

एका दमात. शेवटच्या 'ती'ला पोट आत गेलं होतं. छाती पूर्ण रिकामी. आणि ताबडतोब आपोआप नवा श्वास.

मी माझा कप टपरीवर ठेवला. "उठा," मी म्हटलं.

"चहा तं पिऊ द्या."

"उठा!"

पाच मिनिटांत आम्ही तळाशी होतो. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, की खाली गेल्यापासून वर येईपर्यंत गाडी चालू आहे आणि तुम्ही दारात उभे आहात. रेग्युलेटर तोंडात असताना शब्द फुटत नाहीत, पण घशातून आवाज निघतो आणि आवाजाबरोबर हवाही निघते. आवाज काढणारा माणूस श्वास रोखूच शकत नाही. देविदासभाऊंनी सुरुवात केली. मला ऐकू आलं ते "बूऽऽब बूऽऽ, गुर्रऽ, बूब", पण काटेपूर्णा कुठे आणि मूर्तिजापूर कुठे ते मी अचूक ओळखलं. बुडबुड्यांची अशी रांग वर गेली, की पूलचा लाइफगार्ड धावत आला. त्याला वाटलं, पाइप फुटला.

संध्याकाळी रिपोर्ट गेला. उत्तर आलं: "आणा. मी स्वतः खाली येतो बघायला."

नोव्हेंबरात आम्ही मालवणला पोचलो. सकाळी समुद्र शांत होता. बोट खडकांच्या रांगेशेजारी नांगरली. हे खडक पाण्याखाली आठ मीटरपर्यंत उतरतात आणि त्यांच्या अंगावर प्रवाळ धरलेलं असतं. आम्ही चौघं दोराला धरून उतरलो: मी, काकू, देविदासभाऊ आणि हाताची घडी घालून, परीक्षकासारखे, परुळेकर.

खाली गेल्यावर काकूंनी जे पाहिलं, ते मी हजार वेळा पाहिलंय. पण त्यांच्यामुळे मीही परत पाहिलं. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका सरळ त्यांच्या अंगावरून गेला. एक निळा-हिरवा पोपटमासा खडकाचा टवका तोडून कुडुमकुडुम चावत होता आणि तो आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. काकूंनी नवऱ्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं सगळीकडे बोट दाखवत सुटल्या. हे बघा! ते बघा! बाजूनं बस चालूच होती: बूऽब, गुर्रऽ, बूब. परुळेकरांच्या हाताची घडी सुटली.

आणि तेव्हा माझ्याकडून चूक झाली. मनगटाला लटकवलेला माझा टॉर्च निसटला. चूक माझीच, क्लिप नीट लावली नव्हती. टॉर्च हळूहळू गोल फिरत दोन खडकांच्या फटीत गेला.

पाण्यात काहीतरी पडलं, आणि ते पडताना देविदासभाऊंनी पाहिलं. आता त्यांना कोण थांबवणार? डोकं खाली, पाय वर, सूर मारून ते फटीशी पोचलेसुद्धा. बस बंद. एकही बुडबुडा नाही. तीस वर्षांच्या कंडक्टरवर विहिरीनं मात केली.

खाली जाताना श्वास रोखला तर फारसं बिघडत नाही. वर येताना बिघडतं. आणि त्यांच्या हाताला टॉर्च लागला होता. माणूस वळणार होता, छाती गच्च भरलेली. परुळेकर पलीकडच्या बाजूला. काकूंचा सिलिंडर माझ्या हातात, त्यांना सोडता येत नव्हतं. मी त्यांना तसंच ओढत पायांतले रबरी फिन्स जोरात मारले. मी हात लांब केला, पण काकूंचा हात माझ्या पुढे होता. त्यांनी नवऱ्याच्या पोटरीला असा चिमटा काढला, की मला माझी पोटरी आठवली.

"बूऽऽऽऽऽ!"

कुठलं गाव होतं ते कळलं नाही. पण बुडबुडे भरपूर आले.

मग मी देविदासभाऊंच्या दंडाला पकडलं ते सोडलंच नाही. आम्ही अगदी सावकाश वर निघालो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, शरीराला सवड म्हणून. तिथे दोराला धरून देविदासभाऊ इमानदारीत गावं म्हणत होते, आणि काकू एका हातानं दोर, दुसऱ्या हातानं त्यांची पोटरी धरून होत्या.

बोटीवर मास्क काढताच मी परुळेकरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "टॉर्च तुमचो पडलो. रिपोर्टात तसाच लिहितंय." मग देविदासभाऊंकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "पास. काठावर पास."

"काठावर म्हणजे?" देविदासभाऊ पोटरी चोळत म्हणाले. "टॉर्च आणला ना!"

काकू मात्र ओल्या केसांनी पाण्याकडेच बघत होत्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अजी, गाळ म्हणत होते ना तुमी?"

"विहिरीत गाळच असते वं."

"असन. पण आता इचारणार नाई मी. आता मीच सांगीन तुमाले, खाली काय होतं ते. तुमचं अर्धं लक्ष तं टॉर्चातच होतं."

आणि अख्ख्या परतीच्या वाटेवर त्यांनी सांगितलं. प्रत्येक मासा, रंगासकट. देविदासभाऊ अगदी नवं ऐकत असल्यासारखे मान डोलवत होते.

तेव्हापासून माझ्या वेळापत्रकात बदल झालाय. पाण्याला घाबरणाऱ्या माणसाला मी पूलमध्ये तीन दिवस देतो. न घाबरणाऱ्याला सहा. आणि जोडपं आलं, तर खाली उतरताना बायकोला नेहमी चिमट्याच्या अंतरावर ठेवतो.