घरची मॅच

मला फुटबॉलचं वेड आहे असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. एवढी धडधाकट माणसं एका चेंडूमागं धावतात आणि गोल मात्र एखादाच होतो, यात बघायचं काय, असं मी वरच्या खोलीतल्या भाडेकरूला तोंडावर सांगितलं होतं. तो कोल्हापूरचा, चाकणच्या एका कंपनीत कामाला. त्याच्या मोबाइलची काच फुटली तेव्हा "काकू, खाली मॅच लावू का?" म्हणत आला, आणि माझी मालिका बुडाली ती बुडालीच.

पुढे मीच रविवारची वाट बघायला लागले. हे गेल्यापासून मोशीतलं आमचं घर इतकं गप्प असतं की कुकरची शिट्टी झाली तरी सोबत वाटते. मुलगा-सून सांगवीला राहतात. ऑफसाइड मला अजूनही कळत नाही. पण भाडेकरू पंचाला शिवी हासडायचा आणि माझ्याकडे बघून जीभ चावायचा, ते मला फार आवडायचं. जांभळ्या शर्टांची टीम त्याची होती, मग ती माझीही झाली.

यंदा आमची टीम लीगच्या फायनलला पोहोचली. फायनल दोन मॅचची. पहिलीत आम्ही एका गोलनं हरलो आणि मी तोंड पाडून बसले.

चपला घालता घालता तो म्हणाला, "तोंड कशाला पाडताय काकू? दोन्ही मॅचच्या गोलांची बेरीज धरत्यात. आन् पुढली घरची हाय."

घरची! तो शब्द मी आठवडाभर तोंडात घोळवला. मुलाचा फोन आला, रविवारी सांगवीला ये, सुनेच्या माहेरची मंडळी येणार आहेत.

"न्हाई जमायचं," मी म्हणाले. "घरी मॅच हाय."

"कसली मॅच?"

"तुला न्हाई कळायचं." एवढ्या तोऱ्यात मी कित्येक दिवसांत फोन ठेवला नव्हता.

शनिवारी तो जिन्यात भेटला. किती वाजता येतोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं नाही. आमच्याकडे कार्य असलं की भावकीला आवतण जातं, पाव्हण्यांना जातं. घरातल्या माणसाला कुणी आवतण देत नाही. तो आपणहून येतो आणि पाणी कुठंय तेही विचारत नाही.

रविवारी मी भजी तळून ताटलीत झाकून ठेवली. त्याची आवडती खुर्ची टीव्हीसमोर ओढून ठेवली. मॅच सुरू झाली तरी जिन्यावर पाऊल वाजेना. आंघोळीला गेला असेल, म्हटलं. मग गुडघे धरत वर गेले. दाराला कुलूप होतं.

खाली येऊन बसले, रिकाम्या खुर्चीशेजारी. राग आला होता, आणि रडूही. उत्तरार्धात आमच्या टीमनं गोल मारला तेव्हा मी "गोल!" म्हणून ओरडले. समोर आम्ही विकलेल्या रानात उभ्या राहिलेल्या इमारतीत कुणाचा हूं की चूं नाही. आज आपण जिंकलो असं धरून मी टाळ्या वाजवल्या, पण खेळाडू काही मैदान सोडेनात. बेरीज बरोबरीत सुटली होती, हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. शेवटी एकेक जण पुढे येऊन पेनल्टी मारू लागला आणि आमची टीम जिंकली. मी उभी राहिले. मग कशासाठी उभी राहिले ते कळेना, म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिफ्टला जायला खाली उतरला. चेहरा नुसता फुलला होता.

"काकू, बघितली न्हवं? चाकणला दोस्तांनी मोठा पडदा लावला हुता."

"घरची म्हणाला होतास तू."

आधी तो हसला. मग उघड्या दारातून त्याची नजर टीव्हीसमोरच्या खुर्चीवर गेली, झाकलेल्या भज्यांच्या ताटलीवर गेली, आणि हसू आटलं.

"अवो, घरची म्हंजे... आपल्या टीमच्या गावातली. त्यांच्या मैदानावरची."

"व्हय, ठावं हाय मला," मी साफ खोटं बोलले.

"एक हाक मारायची की काकू. पळत आलो असतो."

आला असता, यात शंका नाही. पोरगा मनाचा चांगला आहे. त्याच्यावरचा राग तिथंच निवला. दुखलं ते वेगळंच होतं, आणि ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. नाक्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. कालची गार भजी मी कागदात बांधून त्याच्या हातात दिली.

"पुढल्या सीझनला आवतण देईन हो," मी म्हणाले.

तो हसत हसत बसकडे धावला. त्याला ती थट्टा वाटली.