पुसता येणारी सही

फोटोवर सही कशी करायची ते मला आमच्या फोटोग्राफीच्या सरांनी शिकवलं होतं. चित्रावर करायची नाही. खालच्या पांढऱ्या पट्टीत, उजवीकडे, बारीक अक्षरात, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेननं कागदावर वळ उठतो, शाई पुढे पसरते. पेन्सिल टिकते, म्हणायचे. ती पुसताही येते, हे काही ते बोलले नाहीत.

नवरा तेव्हा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीच्या बसनं जायचा आणि मी मार्केट यार्डात हमालांचे फोटो काढत हिंडायचे. ‘बटाट्यांचे फोटो,’ म्हणायचा. माझं पहिलं प्रदर्शन ठरलं, जाड सुती कागदावरचे प्रिंट आले आणि मी त्यांवर सही केली, माझ्या जन्माच्या नावानं. लग्नात ताम्हनातल्या तांदळात अंगठीनं लिहून त्यानं माझं दुसरंच नाव ठेवलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मला विचारलं कुणी नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भाजी घेऊन घरी आले, तर जेवणाच्या टेबलावर खोडरबराचा चुरा. माझी प्रत्येक सही घासून घासून पुसलेली, कागदाचा पापुद्रा निघालेला आणि त्यावर निळ्या बॉलपेननं तांदळातलं नाव, त्याच्या आडनावासकट. अक्षर त्याचं. हा शांतपणे चहा पीत बसलेला.

“बग होता,” तो म्हणाला. “फिक्स केला.”

तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला स्टीलची पट्टी लागली, ती मी त्याच्या खांद्यावर हाणली. कप फुटला. त्यानं मनगट धरून पिरगाळलं आणि अशी काही मुस्काटात मारली की माझं डोकं फ्रिजवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या दंडाला चावले, सोडलंच नाही. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी मिक्सर लावला आणि बराच वेळ चालू ठेवला. काय वाटत होत्या देव जाणे.

तो दंड चोळत बाजूला झाला तेव्हा मी कटर उचलला. तो दोन पावलं मागे सरकला. मला हसू आलं, खरंच. मी पट्टी कागदावर ठेवली आणि प्रिंटच्या खालची पांढरी कड कापायला घेतली. रेघ सरळ आली.

“कापलंस, तर या घरात परत यायचं नाही,” तो म्हणाला.

मी सगळ्या कापल्या. त्याच्या अक्षरातल्या पट्ट्या फरशीवर, कपाच्या काचांत पडल्या. प्रिंट बॅगेत घातले आणि रिक्षानं माहेरी गेले.

बाबांनी दार उघडलं. माझा सुजलेला ओठ पाहिला आणि पंखा लावला. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, “पण अगं, ते नाव आता तुझं राहिलंय कुठं? जावईबापूंनी ठेवलेलं लावलं असतंस, तर काय बिघडलं असतं?”

त्या थपडेपुढे पहिली काहीच नव्हती. माझ्या जन्माच्या नावाला आडनाव बाबांचंच होतं, त्याचा मला केवढा अभिमान!

मी तिथंच सतरंजीवर प्रिंट मांडले. पांढरी पट्टी तर आता उरलीच नव्हती. बाबांच्या खिशातलं बॉलपेन न विचारता काढून घेतलं आणि फोटोवरच, हमालाच्या पायाशी, नुसतं माझं नाव लिहिलं. आडनाव कुणाचंच नाही. इतकं दाबून लिहिलं की कागद उलटा करून बोट फिरवलं, तर आजही ते हाताला लागतं.