कोऱ्या जीन्समध्ये बांधलेले मूग

आमच्या घरात जीन्सचं कापड सगळीकडे होतं. गरम तवा उतरवायला जीन्स, पाय पुसायला जीन्स, माझा डबा ज्या पिशवीत असे तीही जीन्सची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये पप्पा ज्या कारखान्यात कामाला होते तिथे पुढे शिलाई आणि मागे धुलाई चालायची. पुढचे उरलेले तुकडे आमच्या घरी यायचे आणि मागचं निळं पाणी आमच्या गल्लीच्या नाल्यातून वाहायचं. पप्पा धुलाईवर होते.

नववीत बाईंनी बी रुजायला काय लागतं ते शिकवलं: पाणी, हवा, ऊब. मग म्हणाल्या, "मी सांगते म्हणून मानू नका, करून बघा." ज्याचा प्रयोग सगळ्यात चांगला होईल त्याला त्या अंबरनाथच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवणार होत्या. आमच्या शाळेतून तिथे दरवर्षी मुलगेच जायचे, पवनचक्की नाहीतर ज्वालामुखी घेऊन. यंदा मी जाणार, हे मी त्याच तासाला ठरवून टाकलं. विषयही ठरला: नाल्याच्या निळ्या पाण्याने बिया मरतात.

"मरतात हे तुला कसं माहीत?" बाईंनी विचारलं.

"दिसतंच की, बाई."

"मग प्रयोग कशाला करतेस?"

मला राग आला. राग यायला मला तेव्हा फारसं कारण लागत नसे. आताही लागत नाही.

घरी पप्पांनी विषय ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ज्या पाण्यावर घर चालतंय त्यालाच जहर बोलतेस? कर, कर. आपण पण बघू तुझं सायन्स." मला वाईट वाटलं, पण आता माघार घेणं शक्यच नव्हतं. मला अंबरनाथला जायचं होतं, आणि पप्पांसमोर खरं ठरायचं होतं.

मुगाच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. एक नळाच्या पाण्यात भिजवलेली, दुसरी नाल्याच्या, आणि प्रत्येकीला तशी चिठ्ठी लावली. घाणेरड्या पाण्यासाठी चांगलं फडकं कशाला वाया घालवायचं, म्हणून नाल्याचे मूग पप्पांच्या फाटक्या बनियनच्या तुकड्यात बांधले. नळाचे मूग मात्र मानाचे. त्यांच्यासाठी जीन्सचा कोरा करकरीत तुकडा शोधून काढला. चांगल्या पाण्याला चांगलं कापड, यात मला काहीच वावगं दिसलं नाही. आमच्या गल्लीत कोणालाच दिसलं नसतं.

पुरचुंड्या सोडल्या तेव्हा नाल्याच्या मुगांना झकास मोड आले होते. नळाचे मूग बुळबुळीत होऊन आंबले होते आणि नाक धरावं असा वास मारत होते. पप्पांनी वाकून बघितलं आणि खो खो हसत सुटले. "घ्या! आमचं पाणी म्हणजे टॉनिक आहे टॉनिक. उद्यापासून रोज एक ग्लास पीत जा!"

आईला माझी दया आली. "चिठ्ठ्या बदल ना. कोण बघायला आलंय?"

पप्पा बघायला आले होते की. चिठ्ठ्या बदलून अख्खी शाळा फसवता आली असती, पण घरातलं ते हसू थांबलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पुरचुंड्या पुन्हा बांधून शाळेत नेल्या. टॉनिकची बातमी गल्लीतून माझ्याआधीच पोचली होती. दरवर्षी पवनचक्की नेणाऱ्या मुलाने मला विचारलं, निळं पाणी जेवणाआधी घ्यायचं की नंतर. मी तशीच पुढे गेले आणि दोन्ही पुरचुंड्या बाईंच्या टेबलावर आदळल्या. "बाई, दोन्हींत फक्त पाणी वेगळं होतं. बाकी सगळं सारखं!"

बनियनची पुरचुंडी टेबलावर पसरून लोळली. जीन्सची ताठ उभी राहिली, गाठीसकट. वर्ग फिस्सकन हसला.

"सगळं सारखं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

मी त्या उभ्या पुरचुंडीकडे बघत राहिले. आधी लाज वाटली, आणि लाज पुरती वाटून व्हायच्या आत इतका आनंद झाला की मी जागच्या जागी उडीच मारली. जाड, घट्ट विणीचं, खळ न गेलेलं ओलं कापड! मुगांना हवाच मिळाली नव्हती.

"हाही अजून अंदाजच आहे," बाई म्हणाल्या. "तपास."

मग चार पुरचुंड्या केल्या. नळाचं पाणी दोन्ही कापडांत, नाल्याचं पाणी दोन्ही कापडांत. मूठ तीच, कोपरा तोच, पाणी शिंपडायची वेळ तीच. एका वेळी एकच गोष्ट वेगळी. "अरे, हे तर माझं चांगलं बनियन!" पप्पा ओरडले, पण तोवर कात्री चालली होती.

जीन्समधले मूग दोन्ही पाण्यांत सडले. बनियनमधले दोन्ही पाण्यांत रुजले, पण नळाचे मोड लांब आणि पांढरे, नाल्याचे आखूड, टोकाला काळपट. पुन्हा केलं, तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच. निळं पाणी बिया मारत नव्हतं, त्यांना खुरटवत होतं. माझं जहर चुकलं होतं आणि पप्पांचं टॉनिकही. एवढं सपशेल चुकून एवढं जिंकल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. पप्पांना दोन्ही मोड शेजारी शेजारी दाखवले. ते हसले नाहीत. बराच वेळ हातात धरून बघत बसले.

बाईंनी मलाच निवडलं.

अंबरनाथच्या त्या हॉलमध्ये माझ्या तक्त्यावर सगळ्यात वर माझा पहिला अंदाज होता आणि त्याच्यापुढे लाल अक्षरांत 'चुकला'. परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "चुकलेलं कशाला लिहिलंस?"

"सर, ते चुकलं म्हणून तर बाकीचं कळलं."

त्यांनी दुसऱ्या टेबलावरच्या परीक्षकांना हाक मारून बोलावलं. संध्याकाळी पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा मी किंचाळले, पण माझी खरी जीत दुपारीच झाली होती.

दुपारी पप्पा हाफ डे टाकून आले होते आणि भिंतीला टेकून लांब उभे होते. बघायला आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे निळं पाणी कोणाच्या कारखान्याचं?" पप्पांची नोकरी तिथलीच. नाल्याचं, एवढंच सांगावं असं ठरवून मी तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पा गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आले.

"आमच्या कारखान्याचं," ते म्हणाले. "धुलाई मीच करतो. ही माझी मुलगी. ह्या पाण्याने मोड आखूड येतात, तिने परत परत करून बघितलंय. या ना, जवळून बघा."

आणि त्यांनी पहिल्या पुरचुंडीची गाठ सोडायला घेतली. त्यानंतर अर्धा तास मला बोलायला मिळालं नाही.