सर्व्हरच्या घड्याळात रात्रीचा एक

कॉलेजच्या गेटवर 'संपूर्ण वाय-फाय कॅम्पस' असा फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या नळाचं पाणी गेलं. पाण्यावर मी पत्रक काढलं. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "जगात इंटरनेट आलं आणि तू अजून बादलीवर अडकलास?" तेव्हापासून आमचं जमलं नाही, आणि जमावं अशी माझी इच्छाही नव्हती.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या चारी बाजूंना द्राक्षाच्या बागा तोडून इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहत होती, आणि प्रत्येकाला पालकांना दाखवायला काहीतरी हवं होतं. कुणाकडे स्विमिंग पूल, आमच्याकडे वाय-फाय. व्हरांड्यात छताला पांढऱ्या डब्या ठोकल्या होत्या. त्या डब्या नुसत्या दारवान. तुम्ही टाकलेलं नाव आणि पासवर्ड त्या तळमजल्यावरच्या एका सर्व्हरकडे पाठवायच्या. तो 'हो' म्हणाला तर तुम्ही आत, 'नाही' म्हणाला तर बाहेर. साऱ्या कॉलेजचं 'हो-नाही' त्या एका मशीनच्या हातात. स्टाफला चोवीस तास मोकळं. हॉस्टेलच्या पोरांना मात्र संध्याकाळी सहा ते नऊ. का? "नाहीतर रात्रभर नको ते बघत बसाल." फी भरताना आम्ही सज्ञान, इंटरनेटला बालवाडीतले.

आमच्या मजल्यावर लॅपटॉप एकच. माझ्या रूम पार्टनरचा. तो सुरगाण्याच्याही पलीकडच्या पाड्यावरचा, त्याच्या घरातला पहिला कॉलेजात आलेला. ओझरच्या कारखान्यात असलेल्या मामानं वापरून झालेला लॅपटॉप त्याला दिला होता. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून प्लगजवळच्या त्याच्या कॉटवर रोज संध्याकाळी रांग. एकानं आपल्या नावानं आत जायचं, मेल बघायची, बाहेर पडायचं, मग दुसऱ्यानं. "अय, सासुरवाडीला आलास का? ऊठ की!" असा आरडाओरडा चालायचा. तो स्वतः शेवटी बसायचा. मी त्याला म्हणायचो, तू मूर्ख आहेस. तो म्हणायचा, "नेते, तुम्ही समाजवाद बोलता, मी कॉट देतो."

दसरा झाला आणि हे बंद पडलं. संध्याकाळी नाव टाका, पासवर्ड टाका, नकार. पुन्हा टाका, नकार. एकाचं नाही, सगळ्यांचं. रोज सहा वाजता मजला त्या कॉटवर जमायचा, प्रत्येक जण आपापला पासवर्ड दोन-चार वेळा ठोकून बघायचा आणि शिव्या घालत उठायचा.

आम्ही सिस्टीमवाल्या सरांकडे गेलो. हे सर आधी सातपूरला एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला होते. त्यांनी खुर्चीतून न उठता स्वतःच्या मशीनवर लॉगिन करून दाखवलं.

"हे बघ, माझं चालतंय. म्हणजे सर्व्हर ओके. प्रॉब्लेम तुमच्या डबड्यात आहे."

"सर, सगळ्यांच्याच पासवर्डला प्रॉब्लेम कसा येईल?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही काय काय डाउनलोड करता, मला माहिती आहे."

या देशात तक्रार करणारा हाच पहिला संशयित असतो, हे वाक्य मी त्या दिवशी पत्रकासाठी लिहून ठेवलं. ते छापायची वेळ आठवडाभरात आली. नोटीस बोर्डावर माझ्या रूम पार्टनरचं नाव लागलं, वर्ग आणि रोल नंबरसह. रात्री साडेअकरा ते एकच्या दरम्यान, रोज, त्याच्या नावावर नोंदलेल्या लॅपटॉपवरून इतर विद्यार्थ्यांच्या नावाने सर्व्हरमध्ये शिरण्याचा प्रयत्न झाल्याचं आढळलं आहे. हॉस्टेलचा प्रवेश रद्द का करू नये, याचा खुलासा सोमवारी पालकांसमक्ष करावा.

हॉस्टेल गेलं की त्याचं शिक्षण गेलं, इतका सरळ हिशोब होता. शहरात खोली घेऊन राहणं त्याच्या घरच्यांना शक्य नव्हतं, आणि पाड्यावरून रोज येणं कुणालाच शक्य नव्हतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी त्याच्यासोबत घुसलो. तो म्हणाला, "सर, रात्री एकला आम्ही झोपलेलो असतो."

"मशीन खोटं बोलतं का?"

"मजल्यावरच्या कुणालाही विचारा, सर. लॅपटॉप सगळेच वापरतात, आणि तोही संध्याकाळी."

"ते सगळे तुझेच साथीदार. त्यांना काय विचारायचं? हे बघ, तुम्ही लोक सवलतीत आलात, आमची ना नाही. पण आलात तर सरळ राहा. तुमच्या गावच्या दुकानात फोन केलाय मी. वडिलांना निरोप दिलाय, मुलानं गुन्हा केलाय, सामान न्यायच्या तयारीनं या."

खुलासा सोमवारी आणि निकाल आधीच! मी तसं म्हणालो. प्राचार्य म्हणाले, "तू वकील आहेस का?" मी म्हणालो, "अजून नाही." मला बाहेर काढण्यात आलं.

तो खोलीवर येऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागला. रडत नव्हता. मला त्याच्या त्या घड्यांचा इतका संताप आला की मी त्याचा लॅपटॉप उचलला, त्याच्या दंडाला धरलं आणि शनिवारी संध्याकाळी दोघं थेट सर्व्हर रूमवर गेलो. सर घरी जायच्या बेतात होते. सर्व्हरच्या कपाटाला दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच, वाळून चिवडा झालेला, आणि दारावर कुंकवाची पाच बोटं.

"सर, मी तुमच्यासमोर लॉगिन करतो. माझ्या नावानं. तुम्ही फक्त तुमच्या स्क्रीनवर काय येतं ते सांगा."

"ए पत्रकवाल्या, मला वेळ नाही."

"मग हेच उद्या पत्रकात येईल. सरांना वेळ नव्हता म्हणून एका पोराचं शिक्षण गेलं."

सर पुटपुटत बसले. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नकार. त्यांच्या स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली.

"आलं. तुझं नाव. नाकारलं. बघ, वेळ बघ, रात्रीचे पावणेबारा! हेच धंदे करता..."

आणि ते थांबले. खिडकीबाहेर ग्राउंडवर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. उजेड अजून होता. सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग स्क्रीन, मग पुन्हा मनगट. सव्वासहा वाजले होते.

"तू काहीतरी केलंस," ते म्हणाले.

"मी तुमच्यासमोर उभा आहे, सर."

शेवटी त्यांनी सर्व्हर बसवून गेलेल्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"मधे सर्व्हर बंद केला होता का?" तिकडून प्रश्न.

"हो. दसऱ्याला. पूजेला."

"अहो, पूजा करा ना, पण बंद कशाला केलात?"

"चालू मशीनला कुणी हार घालतं का? एक दिवस विश्रांती देतात. आम्ही शॉपमध्ये लेथसुद्धा बंद करून, पुसून, मग कुंकू लावायचो."

पलीकडचा हसला. मला हसू आलं नाही. त्यानं सांगितलं ते असं: बसवल्यापासून तो सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. त्याच्या पोटातल्या घड्याळात आपली भारतीय वेळ होती, पण ती ग्रिनिचची, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची, आहे अशी त्याची समजूत करून ठेवली होती. ते घड्याळ तो फक्त सुरू होताना वाचायचा, म्हणून चालू होता तोवर काही बिघडलं नाही. दसऱ्याच्या विश्रांतीनंतर उठला, पोटातलं घड्याळ वाचलं आणि त्यात साडेपाच तास आणखी मिळवून मोकळा झाला. आमची संध्याकाळ त्याची मध्यरात्र. सहा ते नऊची परवानगी असलेला पोरगा त्याच्या लेखी भलत्या वेळी दार वाजवत होता. स्टाफला वेळेचं बंधन नाही, म्हणून सरांचं 'चालतंय'. आणि सगळा मजला ज्या एकाच लॅपटॉपवरून दार वाजवत होता, त्याचा मालक ठरला चोर. एकाच यंत्रावर इतकी माणसं पाळीपाळीनं बसत असतील, हे या लोकांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांच्या घरात माणशी एक असेल.

फोनवर सांगितलं तसं सरांनी टाइप केलं. मी पुन्हा प्रयत्न केला. आत गेलो.

"झालं ना? जा आता," सर म्हणाले.

जा आता! मी प्राचार्यांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. म्हटलं, आत्ता पुन्हा दुकानात फोन करा, वडिलांना सांगा की येऊ नका, मुलाची चूक नाही. ते म्हणाले, "येतीलच सोमवारी. समक्ष सांगू. तू कशाला वाढवतोस?"

मग पोरानं स्वतःच बूथवरून फोन केला. निरोप पोचला. वडील तरीही आले. मुलगा म्हणतो काही नाही, मोठे साहेब म्हणतात या. साहेबांचंच खरं असणार. सोमवारी पहिल्या एसटीनं निमाणी स्टँडला उतरून विचारत विचारत गेटवर आले. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, काखेत रिकामं पोतं आणि सुतळी. बिछाना बांधून न्यायला.

प्राचार्य एकदम गोड. "या, बसा. चहा घ्या. काही नाही, मुलगा चांगला आहे तुमचा. जरा मशीनची गडबड झाली होती."

वडील बसले नाहीत. "मंग बोलवलं कशाला?"

"म्हटलं ना, मशीन चुकलं."

"मशीन चुकलं, तं मशीनच्या बापाला बोलवायचं व्हतं ना, साहेब."

केबिनमध्ये शिपाई होता, मी होतो, सिस्टीमवाले सर होते. मी म्हणालो, नोटीस बोर्डावर नाव लावलंत, आता चूक झाली असंही बोर्डावर लावा. प्राचार्य म्हणाले, त्याची काही पद्धत नाही. बदनामीची पद्धत आहे, माफीची नाही. माझ्या त्या महिन्याच्या पत्रकाचा मथळा त्यांनीच असा पुरवला.

चहा आला. कपावर साय धरली तरी वडिलांनी हात लावला नाही. पोराला म्हणाले, "तुझी खोली दाव." खोलीवर त्यांनी कॉट हलवून बघितली, खिडकीची कडी लावून बघितली. घड्या घातलेले कपडे ट्रंकेत होते, ते एकेक करून स्वतः बाहेर काढले आणि खुंट्यांना टांगले. मग पोत्याची सुरळी करून काखेत मारली.

"ऱ्हा हितंच," म्हणाले, आणि परतीची गाडी गाठायला निघाले.